पाण्याखालची वाट

महाप्याच्या चौथ्या मजल्यावर दोन वर्षं एकच भांडण:
खेळणाऱ्याला मोकळं सोडायचं, की बोट धरून न्यायचं.
मोघे म्हणतात, मोकळं सोडा.
डोंगर दिसला की चढता आला पाहिजे,
दार दिसलं की उघडलं पाहिजे,
गोष्ट काय, सापडेल ज्याची त्याला.

मी संवाद लिहिते, म्हणून मला दार आवडतं
मागे बंद होणारं.
नावाडी तिसऱ्या प्रकरणात मरतो,
तर तो तिसऱ्यातच मरायला हवा.
ऐन त्या वेळी खेळणारा
टेकडीवर मध गोळा करत बसला
तर मी लिहिलं कुणासाठी?

मोकळ्या आवृत्तीत नावाडी मरत नाही.
जेट्टीवर उभा राहून ओरडतो, "चला लवकर, गाव बुडतंय!"
आणि गाव थांबतं.
चाळीस दिवस थांबतं.
पुराचं पाणी उंबऱ्याशी येऊन
चपला काढून उभं,
आत या म्हणायची वाट बघत.

मी वाशीत वाढले. आधी आखलेलं, मग बांधलेलं शहर.
नोड, सेक्टर, प्लॉट, रो-हाउस.
तरी कोपरखैरण्यात एकोणीस आणि एकोणीस-एच्या मध्ये
अजून हरवते.
सगळं सरळ आहे, म्हणूनच.
तेच चौक, तेच मेडिकल, तोच गुलमोहर
कुणीतरी कॉपी करून चिकटवलेला.

नावाड्याचा आवाज हवा होता.
सुगंधा म्हणाली, माझा काका आहे दिवाळ्यात, बोलेल.
हसुरामकाकांनी माइक बनियनला अडकवून घेतला,
होडी खाडीत नेली, इंजिन बंद केलं.
चहूकडे पाणी. लांब मागे पाम बीचचे टॉवर.
मी म्हटलं, इथून कुठंही जाता येईल, नाही?
ते हसले नाहीत.
बांबू बुडवला. हातभर खाली चिखल.
"पानी सगलीकरं दिसतं. वाट येकच.
ती पन सा तासच."
आणि होडी वळवली, एकही खूण नसलेल्या पाण्यात,
डावीकडे, अजून जरा डावीकडे,
जशा काही भिंती आहेत.
होत्याच.

परतताना उशीर केला, तो माझ्यामुळे.
रुतलो.
पावणेदोन तास भरतीची वाट.
सुगंधाने डबा उघडला, सुकट आणि तांदळाची भाकरी.
बगळे चिखलात चालत होते, आम्हाला जमत नव्हतं तसं.
कुणी फारसं बोललं नाही,
रेकॉर्डर मात्र बंद करायचा राहिला.

सोमवारी मी खेळातल्या खाडीत चिखल घातला.
मोघ्यांना न सांगता.
नकाशा तेवढाच मोकळा, पाणी क्षितिजापर्यंत,
फक्त ओहोटीला होडी हलत नाही.
आठवड्यात एकशे सात तक्रारी:
बग आहे. होडी अडकते. बटण दाबलं तरी अडकते.

घणसोलीच्या पृथ्वी शेडगेची तक्रार नव्हती.
बाप माथाडी, हा रात्री कांद्याच्या गाळ्यावर हिशेब लिहितो,
दुपारी आमचा खेळ तपासतो, तासाच्या बोलीवर.
कोण कुठे फिरलं ते आम्हाला लाल डागांत दिसतं.
बाकीच्यांचं बेट गोवर आल्यासारखं.
त्याचा एकच ठिपका, जेट्टीवर.
तीन तास बारा मिनिटं.

अडकलास का रे?
"नाही. पाणी यायचं होतं ना."
तोवर कुठंही जाता आलं असतं. डोंगर आहे, बाजार आहे.
"माहितीय की."
मग जरा थांबून,
"ते मागे कुणीतरी डबा उघडतं, तो आवाज भारी आहे."

त्या रात्री नावाड्याला एक वाक्य वाढवून दिलं.
मरायच्या आधीचं नाही. कसलंच नाही.
तुम्ही जेट्टीवर बराच वेळ काही न करता बसलात
तर तो वळून बघतो आणि म्हणतो,
"बसलास? बस."

मोघे विचारतात, हे कुठल्या प्रकरणात येतं?
मी सांगते, भरतीवर आहे.